मासे निजवणारी

मत्स्यबीज केंद्रात तुमचं काम काय, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "मी मासे निजवते." समोरचा हसायचा. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं, आणि ती कंटाळा न करता सांगायची.

केंद्र वस्तीपासून जरा लांब होतं. सिमेंटच्या लांबट टाक्या, वर पत्रे आणि दिवसभर पंपांची घरघर. अंडी देणारे मोठे मासे तिथे जपून ठेवलेले असत, आणि त्यांची पिल्लं आसपासच्या तळ्यांत सोडायला जात. हंगाम आला की एकेका मादीला टाकीतून काढायचं, वजन करायचं, पोट चाचपायचं आणि अंडी तयार असतील तर हलक्या हाताने काढून घ्यायची. हे जागेपणी करायला गेलं तर हातभर लांबीची मादी उसळून माणसाच्या छातीत बसते. तिचे खवलेही निघतात आणि पुढे त्या जखमेवर बुरशी धरते. म्हणून आधी गुंगी द्यायची, आणि तीही लवंगेच्या तेलाची.

तेल पाण्यात मिसळत नाही, वर तवंग धरून बसतं. म्हणून ते आधी स्पिरिटमध्ये विरघळवायचं, बाटली चांगली हलवायची आणि मगच टबात ओतायचं. मासा त्यात सोडला की आधी नीट पोहतो, मग वळणं चुकायला लागतो, मग कुशीवर होतो. कल्ले मात्र हलत राहिले पाहिजेत. काम उरकलं की त्याला ताज्या पाण्यात दोन्ही हातांवर धरायचं आणि सावकाश पुढे सरकवत न्यायचं, म्हणजे पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडतं. थोड्या वेळाने हातातलं वजन बदलतं. शेपटी एक झटका देते आणि मासा आपला आपण निघून जातो.

हे सगळं तिला केंद्राच्या मॅडमनी शिकवलं होतं. लवंगेत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, तेच शिरा बधिर करतं, हेही त्यांनीच सांगितलं. ती शाळेत फार शिकली नव्हती, पण एकदा हातात बसलेलं काम ती विसरत नसे. अंगाला, केसांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा लवंगेचा वास यायचा. तिचं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची लवंगताई झाली.

नवरा पंपदुरुस्तीवाला होता. केंद्रातले पंप बिघडायचे तेव्हा तोच यायचा, आणि तिथेच दोघांचं जमलं होतं. तो उंच, मोठ्या आवाजाचा आणि चेष्टेखोर. "बायको माशांना निजवते आणि मला भल्या पहाटे उठवते," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. घरी हे दोघं आणि त्याची आई. मूलबाळ नव्हतं. एक नणंद होती, ती दुसऱ्या शहरात.

गल्लीतले लोक तिच्याकडे तेल मागायला यायचे. केंद्राच्या बाटलीला ती हात लावत नसे. औषधाच्या दुकानातून आणलेली छोटी बाटली तिच्या घरात असायची. कोणाची दाढ ठणकत असली तर चमचाभर खायच्या तेलात एखादा थेंब टाकून, कापसाचा बोळा बुडवून, दाढेवर धरायला द्यायची. "गिळू नका, थुंका. आणि उद्या दाताच्या डॉक्टरकडे जा, हे नुसतं तात्पुरतं आहे," असं बजावायची. कंबर धरलेल्यांना मालिशच्या तेलात थोडं मिसळून द्यायची. लवंगेने अंगात ऊब येते आणि आखडलेला भाग मोकळा होतो. कपाटाला कुबट वास येत असेल तर पाण्यात थोडं तेल घालून पुसून घ्यायला सांगायची, मुंग्यांच्या वाटेवर बोळा ठेवायला सांगायची. डासांसाठी उपयोग होतो का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "होतो. तासभर बाहेर थांबतात, मग परत येतात."

लहान मुलांसाठी मात्र कोणी कितीही गयावया केली तरी ती तेल द्यायची नाही. आणि नुसतं तेल अंगाला लावायचं नाही, हा तिचा पक्का नियम होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तो मोडला. गालावरच्या फोडावर त्याने बाटलीतलं कोरं तेल चोळलं, आणि पुढचे काही दिवस तो तोंडाला रुमाल बांधून कपडे शिवत होता. तिच्या नवऱ्याने त्याला विचारलं होतं, "काय मास्तर, बँक लुटायची आहे का?"

असा तो माणूस एके दिवशी एका इमारतीच्या गच्चीवर पंप बसवून खाली उतरला, पाणी मागितलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. घरमालकीण पाणी घेऊन येईपर्यंत तो गेलेला होता.

फोन आला तेव्हा तिच्या हातात मासा होता. ताज्या पाण्यात ती त्याला सरकवत होती. मॅडम ऑफिसातून धावत आल्या आणि तिच्याजवळ उकिडव्या बसून हळू आवाजात सांगितलं. तिने ऐकलं. मान हलवली. हातातला मासा शुद्धीवर आला, शेपटी मारून गेला, मग ती उठली, हात धुतले आणि मॅडमबरोबर गाडीत बसली.

ही गोष्ट पुढे गल्लीभर झाली. नवरा गेल्याचं कळलं तरी हिने आधी मासा उठवला, मग निघाली. काळीज आहे की दगड? कोणी तिच्या तोंडावर बोललं नाही, पण तिला कळलं. कळलं आणि तेवढंच. त्याचंही काही वाटलं नाही.

खरं तर ती वाट बघत होती. घरी गेल्यावर रडू येईल असं वाटलं. त्याला पाहिल्यावर येईल, मग सगळे निघून गेल्यावर येईल असं वाटलं. दवाखान्यातून त्याचं घड्याळ आणि खिशातला छोटा पाना तिच्या हातात दिला, तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं की पान्याला गंज चढतोय, तेल द्यायला हवं. माणसं येत होती, जवळ घेत होती, बोलत होती. त्यांचे आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखे यायचे. नणंद आठवडाभर राहिली. निघताना म्हणाली, "वहिनी, एकदा मोकळी हो गं." तिने "हो" म्हटलं, भाजीवाल्याने सुट्टे आहेत का विचारल्यावर म्हणावं तसं.

सासूबाई पहिल्या काही दिवसांत रडून घेऊन गप्प झाल्या होत्या. ती बाई एरवी तोंडाची तिखट. सून आणि मुलगा दोघांनाही एका दमात गप्प करणारी. आता घरात "जेवलीस का" आणि "दार लाव" याखेरीज शब्द नव्हता. दोघी एका टेबलाशी बसून जेवायच्या आणि दोघी आपापल्या ताटाकडे बघायच्या.

ती कामावर परत गेली. मॅडमनी अजून रजा घ्या म्हटलं, पण घरी बसून काय करणार? काम होत होतं. हात आपोआप चालत होते. तिला भूक लागत नव्हती, पण समोर आलेलं ती खात होती. झोपही यायची, नुसती गाढ, स्वप्नाशिवायची.

केंद्रात एक जुनी मादी होती. सगळ्यात मोठी, सगळ्यात जास्त अंडी देणारी. जाळं ओढणारे काका तिला मामी म्हणायचे, कारण ती टाकीत आली की बाकीचे मासे बाजूला व्हायचे. त्या दिवशी मामीची पाळी होती. ऊन कडक होतं आणि पत्र्याखालच्या टबातलं पाणी कोमट झालं होतं. पाणी गरम असलं की गुंगी लवकर चढते, तेव्हा तेल कमी घालायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिने रोजच्याइतकंच घातलं.

मामी टबात गेली, वळली, कुशीवर झाली. तिचे डोळे मामीच्या कल्ल्यांवर होते. ती बघत होती, पण दिसत काही नव्हतं.

"ताई," काका म्हणाले, "कल्ले थांबलेत."

तिने मामीला उचललं आणि ताज्या पाण्यात नेलं. दोन्ही हातांवर धरून पुढे, पुढे, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उचलून परत या टोकाला. काकांनी पाण्याची नळी जोरात सोडली. मॅडम आल्या. त्यांनी मामीच्या पोटाखाली हात घातला, कल्ला उघडून पाहिला आणि राहू द्या म्हणाल्या. ती थांबली नाही. कंबरभर पाण्यात ती तशीच चालत राहिली. शेवटी मॅडम कपड्यांसकट टाकीत उतरल्या आणि त्यांनी तिच्या हातांवर हात ठेवला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पाणी गरम होतं. मी तेल कमी केलं नाही." बसची वेळ सांगावी तशी तिने ती चूक सांगितली.

मॅडमना मामीचं वाईट वाटलं होतंच. पण त्या बराच वेळ तिच्याकडेच बघत होत्या. "तुम्ही रडला असतात, ओरडला असतात, तरी मला चाललं असतं," त्या म्हणाल्या. "हे बघवत नाही. घरी जा, ताई. आज जा."

एरवी ती संध्याकाळी घरी पोचायची. त्या दिवशी भर दुपारी किल्लीने दार उघडून आत आली, तर सासूबाई स्वयंपाकघरात स्टीलच्या थंडगार तांब्याला गाल टेकवून बसलेल्या. तिला पाहून चोरी पकडल्यासारख्या दचकल्या. गाल इतका सुजला होता की त्या बाजूचा डोळा बारीक झाला होता.

कधीपासून, हे त्यांनी आधी सांगितलं नाही. मग तिलाच एकेक आठवत गेलं. रात्री भूक नाही म्हणून उठणं, भात पाण्यात कालवून घेणं, एकाच बाजूने चावणं. हे सगळं तिच्या समोरच्याच खुर्चीत चाललं होतं. तिने बाटली काढली, वाटीत थोडं खायचं तेल घेतलं, कापसाचा बोळा केला. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"नको."

"आई, थोडा वेळ तरी ठणका थांबेल."

"म्हणूनच नको."

ती बोळा हातात धरून उभी राहिली. सासूबाई तांब्याकडे बघत म्हणाल्या, "दाढ ठणकते तोवर मला दुसरं काही सुचत नाही. जरा थांबली की तो दिसायला लागतो. जिन्यात बसलेला. पाणी मागतोय." मग मान वर करून म्हणाल्या, "तुझं बरं आहे. तुला काही होतच नाही."

टोचावं म्हणून म्हटलं होतं की खरंच हेवा वाटून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"हो," ती म्हणाली. "मला काही होत नाही. आज माझ्या हातून मामी मेली. तेव्हाही काही झालं नाही."

"मामी? कोणाची मामी?"

"मासा आहे. होता. केंद्रातला सगळ्यात मोठा. आई, मला वाटतंय हे आता असंच राहणार. त्याच्यासाठी मला कधी रडूच येणार नाही. लोक म्हणतात ते खरं असेल."

"लोकांच्या तोंडाला काय लागतं?" सासूबाई म्हणाल्या. सुजलेल्या गालामुळे त्यांचे शब्द अर्धवट यायचे. "भीती वाटते तुला? असंच राहील याची?"

"वाटते."

"मग होतंय की काहीतरी." एवढं बोलून त्यांनी तोंड उघडलं. "आण तो बोळा. जीव जायची वेळ आली माझी."

तिने टॉर्च घेऊन आत पाहिलं. दाढेच्या मुळाशी हिरडी फुगून पिवळी पडली होती. कपाळाला हात लावला तर ताप होता. इथे तेल पुरणारं नव्हतं. त्यात सासूबाईंच्या हृदयासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू होत्या, आणि लवंगेच्या तेलानेही रक्त पातळ होतं, असं मॅडमनी तिला कधीतरी सांगितलं होतं. वाटेपुरता आधार म्हणून तिने बोळा नुसता टेकवला आणि रिक्षा बोलावली.

दाताच्या दवाखान्याचं दार उघडलं तसा लवंगेचा वास आला. सासूबाई दारातच थांबल्या. "तू इथेही आधी येऊन गेलीस की काय?"

दाताची डॉक्टर तरुण बाई होती. तिने हसत सांगितलं की दातात तात्पुरतं भरायचं सिमेंट पांढरी पूड आणि लवंगेचं तेल कालवूनच बनतं, म्हणून दात दुखणाऱ्यांच्या नाकात हा वास कायमचा बसतो. मग तिने आत पाहिलं आणि हसणं थांबवलं. मुळाशी पू झाला होता. घरी काय केलं, असं तिने विचारलं. सुनेने आताच तेल लावल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाली की त्याने बिघडलेलं काही नाही, पण तेल फक्त दुखणं झाकतं, आतला पू त्याने जात नाही. आणखी थोडे दिवस अंगावर काढलं असतं तर दुखणं जिवावर बेतलं असतं. त्याच दिवशी तिने पू काढला, गोळ्या दिल्या, हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं आणि ताप उतरल्यावर दाढ काढायची ठरवली.

दाढ काढली त्या दिवशी सासूबाईंनी सुनेचा हात धरला होता. नखं रुतेपर्यंत धरला. बाहेर आल्यावर अर्धा चेहरा बधिर झालेला. बऱ्याच वेळाने, डॉक्टरने परवानगी दिल्यावर, घरी गार करून दिलेला चहा अर्धा आत गेला आणि अर्धा हनुवटीवरून ओघळला.

"ओठ आहे का माझा? की तोही काढला त्या पोरीने?"

"आहे," ती म्हणाली, आणि रुमालाने त्यांची हनुवटी पुसली.

त्यानंतर जेवताना दोघी थोडं थोडं बोलायला लागल्या. सासूबाई त्याच्या लहानपणचं सांगायच्या. शाळेतून येताना रस्त्यावरचे नटबोल्ट खिसे फाटेपर्यंत भरून आणायचा. ती केंद्रातलं सांगायची. सासूबाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं की मासा झोपेतून उठतो म्हणजे नेमकं काय होतं. तिने पाण्याच्या घमेल्यात लाटणं धरून दाखवलं. सासूबाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी पूर्ण पाहिलं.

केंद्रात मॅडमनी टबाशी तापमापक टांगला आणि तेलाचं माप दोघांनी मिळून बघायचा नियम केला. तिला कोणी बोल लावला नाही. हंगाम संपेपर्यंत एकही मासा पुन्हा दगावला नाही. ती काम करत होती, जेवत होती, झोपत होती. आत मात्र तसंच होतं, सपाट. फक्त आता ते घरात एकीला तरी माहीत होतं.

हंगाम संपल्यावर एका सुट्टीच्या सकाळी चहा करायला घेतला तर खालच्या डब्यातली पावडर संपलेली. नवीन पाकीट वरच्या फळीवर होतं. ती फळी नवऱ्याने बसवलेली, त्याच्या स्वतःच्या हाताला येईल अशी. इतकी वर्षं तिला काही हवं असलं की ती हाक मारायची आणि तो मागे उभा राहून, तिच्या डोक्यावरून हात लांबवून काढून द्यायचा. आता ती स्टूल आणायची. त्या दिवशी स्टूल डुगडुगलं, तिने फळीला धरलं, आणि साखरेचा डबा अंगावर येऊन जमिनीवर फुटला.

ती साखरेत उभी होती. मग तिच्या तोंडून निघालं, "इतक्या वर फळी कोण लावतं रे? कोण लावतं? घरात दोन बुटक्या बायका, आणि हा स्वतःच्या मापाने फळ्या ठोकतो. सांगितलं होतं ना मी? तेव्हाच सांगितलं होतं. म्हणे, मी आहे ना काढून द्यायला. आहेस का? कुठे आहेस?"

"कोणाशी भांडतेस गं?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या मुलाशी."

"मग जरा मोठ्याने बोल. लहानपणापासून ऐकत नाही तो."

ती बोलली. चांगलं मोठ्याने बोलली, शेजारच्यांनी खिडकी उघडावी इतकं. फळीबद्दल बोलली, न सांगता गेल्याबद्दल बोलली, कितीदा म्हटलं तरी छातीची तपासणी करून न घेतल्याबद्दल बोलली. कान तापले, घसा बसला. डोळ्यांत पाणी नव्हतं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मध्येमध्ये "बरोबर आहे" म्हणत राहिल्या.

मग तिने त्याची अवजारांची पेटी काढली आणि फळी उतरवायला घेतली. त्या माणसाने चार स्क्रू पुरले असते तिथे वीस मारले होते. अर्धी सकाळ त्यातच गेली. भिंतीवर भोकांची रांग राहिली. ती फळी खाली धरून माप बघत होती तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अजून खाली. मला पण हाताला यायला हवी."

"अजून खाली घेतली तर ओट्याशी वाकल्यावर माझं डोकं आपटेल."

"मग वाकू नकोस."

फळी सासूबाईंच्या मापाने बसली. आजही स्वयंपाक करताना तिचं डोकं त्या फळीवर आपटतं. तेव्हा ती कपाळ चोळते, आणि सासूबाईंना दोन शब्द ऐकवते.